मेणाचं पुस्तक

आमची आजी पंढरपूरलाही जायची आणि वांद्र्याच्या मोतमाऊलीला, म्हणजे माउंट मेरीलाही, आणि दोन्हीला वारीच म्हणायची. वांद्र्याची वारी दादरहून पायी, सात-आठ किलोमीटर. आजी गेली, आई गुडघ्यांनी बसली, तशी ही वारी माझ्याकडे आली. यंदा भाचीची बारावी, म्हणून तिच्या नावाचं मेणाचं पुस्तक वाहायचं होतं.

सोबत शेजारच्या मावशी. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या, वय पंचाहत्तर, चाल माझ्यापेक्षा सरळ. पहाटे पाचला पोर्तुगीज चर्चपाशी भेटायचं ठरलं होतं, त्या पावणेपाचलाच येऊन उभ्या. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "नव्या चपला? आज?" शितळादेवी येईपर्यंत टाचेला फोड आला. चपला पिशवीत टाकल्या. नवस अनवाणी जायचा नव्हता, पण झाला.

माहीमच्या चर्चबाहेर चहा प्यायलो. मावशींनी सहज विचारलं, "आज तारीख काय?" मी म्हटलं, आठ सप्टेंबर, माऊलीचा वाढदिवस. "आणि आमच्या सिस्टर लोकांचा पण," त्या म्हणाल्या. मावशी हिल रोडच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटच्या. ती शाळा चालवणारा संघ म्हणजे डॉटर्स ऑफ द क्रॉस. बेल्जियमच्या लिएज गावात तो सुरू झाला 8 सप्टेंबर 1833 ला, आणि सुरू करणारी बाई झान हेझ तेव्हा 51 वर्षांची होती. नंतर तिचं नाव मदर मारी तेरेझ झालं. एक्कावन्न! मी सत्तेचाळीसची, आणि पीएफचे हिशेब करत बसलेय.

कॉजवेवर आलो तेव्हा उजाडत होतं. खाडीचा वास, शेजारून जाणाऱ्या बसचा वारा, आणि मावशींचं बोलणं मध्येच ऐकू येई, मध्येच जाई. झानचा जन्म 1782 चा. वडील लिएजच्या प्रिन्स-बिशपचे, म्हणजे तिथे राज्य करणाऱ्या बिशपचे, सेक्रेटरी, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. मग फ्रेंच राज्यक्रांतीचं सैन्य आलं आणि घरदार सोडून पळायची वेळ आली. त्या पळापळीतच वडील वारले. पोर तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची. मी टाचेचा फोड सांभाळत चालत होते आणि डोक्यात तेच घोळत होतं. आम्ही चालतोय ते कुठेतरी पोचायला, आणि संध्याकाळी लोकलने घरी जायला. त्या मुलीच्या पायाखाली जो रस्ता होता, त्याच्या मागे घरच उरलं नव्हतं.

पुढे ती आणि तिची बहीण फर्दिनांद, दोघी शिकवायला लागल्या. आधी फी घेऊन, पोटासाठी. मग पॅरिशच्या धर्मगुरूंनी गरीब मुलींची फुकट शाळा चालवा म्हणून गळ घातली, तीही चालवली. नन व्हायचं मनात होतं, पण डच राजवटीत धर्मसंघांवर बंधनं. 1830 ला बेल्जियम स्वतंत्र झालं तेव्हा वाट मोकळी झाली. कॅनन हाबेट्स नावाचे धर्मगुरू पाठीशी होते, त्यांच्या मदतीने संघाचे नियम बसवले. शाळा तर होतीच, शिवाय आजारी माणसं, तुरुंगातल्या बायका, सगळं अंगावर घेतलं. 1861 ला तिच्या सिस्टर हिंदुस्थानाकडे निघाल्या तेव्हा ती एकोणऐंशीची. ती स्वतः कधी इकडे आली नाही.

"मग तुमच्या शाळेत तिचा फोटो?"

"फोटोचं काय सांगतेस! आम्ही काज करताना पण तिच्याच नावाने सरळ बसायचो." मावशी आजही ब्लाउजची काजं घरी करतात, आणि उलट्या बाजूनेही गाठ दिसत नाही.

हिल रोडला कॉन्व्हेंटच्या गेटसमोर त्या थांबल्या. कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली आणि निघाल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 ला मदर मारी तेरेझला धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, हे मला त्यांनी पुढच्या सिग्नलला सांगितलं, रस्ता क्रॉस करता करता, माझा हात धरून.

मेळा रविवारपासून असतो, तरी चढावर मेणवाल्या बसल्या होत्या. हात, पाय, बाळ, घर, विमान. विमान व्हिसासाठी. मी पुस्तक मागितलं.

"पुस्तक संपलं, ताई. विमान देऊ?"

विमान नको. सात-आठ किलोमीटर चालून विमान कशाला? बाजूच्या दोन टोपल्या बघितल्या, पुस्तक कुठेच नव्हतं. शेवटी मावशींनीच एक घर उचललं. पुढून कौलं, खिडक्या. मागून सपाट, कोरं. पैसे मी दिले. त्या कठड्यावर बसल्या, पदराची सेफ्टी पिन काढली आणि त्या कोऱ्या पाठीवर रेघा ओढू लागल्या, चार रेघी वहीसारख्या. मागची रांग सरकत होती, कुणीतरी "चला हो बाई" म्हणालं. मावशींनी मान वर केली नाही. रेघांमध्ये भाचीचं नाव इंग्रजीत लिहिलं, तिरकं, जोडून, कॉन्व्हेंटच्या अक्षरात. खाली बारावी.

मेणाचा भुगा फुंकून घर माझ्या हातात दिलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "स्पेलिंग बघ गं बरोबर आहे का."