नीस ते व्हेंतिमिलिया: समुद्राच्या कडेनं चाळीस किलोमीटर

मुलगा-सून तिकडे नोकरीला आहेत म्हणून दर्यापूर, पुसद, आर्वी, वरूडकडून युरोपात जाणाऱ्यांची यादी बहुतेक ठरलेली असते: पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम. त्यातून एक दिवस काढता आला आणि घरात कुणाचा हात गाडीवर पक्का असेल, तर फ्रान्समधल्या नीसहून इटलीतल्या व्हेंतिमिलियाला समुद्राच्या कडेनं जाऊन यावं. अंतर एका बाजूनं जेमतेम चाळीस किलोमीटर. पण आपल्याकडचा चाळीस किलोमीटरचा हिशोब इथे लावू नका. वळणं, सिग्नल, गावं आणि थांबे धरून पूर्ण दिवस ठेवा. एकाच दिवसात पुढे इटलीतल्या जेनोआपर्यंत ओढायचा मोह होतो, पण मग हायवेच पाहून परत यावं लागतं.

हीच सीमा का, तर कागदांसाठी. फ्रान्स आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी इकडून तिकडे जाऊन परत येता येतं. वाटेतल्या मोनाको या चिमुकल्या देशासाठीही वेगळं काही लागत नाही. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून मोंटेनेग्रोतल्या कोतोरला जाणारा रस्ताही देखणा आहे, पण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला आणि मोंटेनेग्रो बाहेर आहे. तिथे सीमा ओलांडली की एकदाच प्रवेशाचा व्हिसा संपला, परतीचं दार बंद.

व्हिसाचा अर्ज जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा. निघण्याआधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत तो देता येतो, पण पंधरा दिवसांवर कधीच ठेवू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. शेतकरी कुटुंबाची अडचण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये येते. वर्षभर खातं शांत आणि अर्जाच्या तोंडावर एकदम चार-पाच लाख जमा, हे पाहणाऱ्याला खटकतं. ते पैसे कापसाचे किंवा संत्र्याचे असतील तर बाजार समितीची किंवा व्यापाऱ्याची पट्टी सोबत लावा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसला तरी रिटर्न भरलेलं असलं तर फाइल भक्कम होते. सातबारा आणि आठ-अ मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडा.

दुसरा कागद आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा. तो आपल्याच आरटीओत मिळतो, यवतमाळवाल्यांना यवतमाळला, वर्धेकरांना वर्ध्याला. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्जासोबत पासपोर्टची प्रत लागते आणि व्हिसाचीही मागितली जाऊ शकते, म्हणून हे काम व्हिसा हातात आल्यावर केलेलं बरं. हा परवाना एकटा चालत नाही, मूळ लायसन्सही जवळ हवं. आणि नावं जुळवून पाहा. लायसन्सवर एक क्रम, पासपोर्टवर दुसरा, क्रेडिट कार्डावर नुसतं आद्याक्षर, असं आपल्याकडे सर्रास असतं. भाड्याची गाडी घेताना काउंटरवर यावरूनच माणसं अडतात. त्याहून जास्त अडतात ती मुलानं स्वतःच्या कार्डावर गाडी बुक केली आणि चालवणार वडील म्हणून. मुख्य चालक आणि क्रेडिट कार्ड एकाच नावाचं हवं, कारण अनामत त्याच कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या: इटलीत न्यायची परवानगी, ऑटोमॅटिक गिअर (न सांगितल्यास बहुधा मॅन्युअल मिळते) आणि अपघात झाल्यास तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार तो आकडा. गाडी घेतली तिथेच परत द्या. दुसऱ्या देशात सोडायची म्हटलं तर वेगळा, जड आकार पडतो. टायर, काच आणि खालचा पत्रा अनेकदा विम्यात नसतो, तेवढी ओळ शोधून वाचा.

आता गाडी. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडे, हे डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिकडे ती डाव्या हाताला. पहिल्या चौकात वळायला उजवी दांडी दाबली की कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागतो आणि मागच्याला आपण वळतोय हे कळतच नाही. पार्किंगमध्येच दहा मिनिटं दांड्या चालवून पाहा. दुसरी खोड जास्त महाग पडते. आयुष्यभर गाडीचा मोठा भाग आपल्या डावीकडे राहिला, तिथे तो उजवीकडे येतो, आणि गाडी नकळत उजव्या कडेला सरकत जाते. या रस्त्यावर उजवीकडे दगडी कठडा आहे. आरसा आणि चाकांच्या रिम तिथेच घासतात. आपला डावा खांदा मधल्या पट्ट्याच्या जवळ राहतोय, एवढंच लक्षात ठेवलं की गाडी सरळ राहते.

नीसहून पूर्वेकडे तीन समांतर रस्ते निघतात: खालचा बास कॉर्निश, मधला मुआयेन कॉर्निश आणि वरचा ग्रांद कॉर्निश. माझा आग्रह असा, की जाताना खालचा धरा आणि येताना वरचा. पूर्वेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो आणि आपणही उजव्या बाजूनेच चालवतो. म्हणजे पाण्याला लागून आपलीच लेन, थांबायच्या जागाही आपल्याच बाजूला. उलट दिशेनं तोच रस्ता घेतला तर प्रत्येक थांब्यासाठी समोरची वाहतूक कापावी लागते.

सकाळी आठच्या आत नीसच्या बंदराकडून निघा. व्हीलफ्रांशची खाडी वरून दिसते तो पहिला थांबा. पुढे बोलिय, मग कड्याखालून जाणारा रस्ता, मग मोनाको. मोनाकोत बोगद्यांमध्ये मोबाइलचा नकाशा हरवतो, तेव्हा 'मांतों' लिहिलेल्या पाट्या धरून चला. मे-जूनमध्ये तिथल्या कार शर्यतीसाठी रस्ते बंद होतात, तो आठवडा टाळा.

मांतोंला मात्र घाई नको, विशेषतः वरूड-मोर्शीकडच्या बागायतदारांनी. मागे डोंगराची भिंत, पुढे समुद्र, त्यामुळे थंडीचा कडाका इथल्या लिंबाला झोंबत नाही. बाजारात लिंबू देठ-पानासकट मांडलेलं असतं, साल जाड आणि सुगंधी, आंबटपणा सौम्य. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, या लिंबाला २०१५ मध्ये युरोपचं तसंच संरक्षण मिळालं. फरक विक्रीत दिसतो. तिथे फळासोबत गावाचं नाव विकलं जातं. मुरंबा, रस, तेल, साबण, सगळ्यावर ते छापलेलं. फेब्रुवारीत लिंबाचा उत्सव भरतो, १९३४ पासून. कापूस वेचून झाला आणि मृग बहाराची तोड नसली तर आपल्यालाही हीच वेळ सोयीची. मात्र उत्सवाच्या रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

मांतों संपता संपता सँ-ल्युदोव्हिकचा पूल लागतो, तीच सीमा. इथून गावांची नावंही बदलतात. फ्रेंच पाटीवर व्हेंतिमिलियाचं 'व्हँतीमील' होतं, आणि परतताना इटालियन पाटीवर मांतोंचं 'मेंतोने', नीसचं 'नित्झा'. पुढे ला मोर्तोला इथे हॅनबरी बाग आहे, १८६७ मध्ये थॉमस हॅनबरीनं सुरू केलेली. प्रवेश रस्त्याच्या पातळीवर आणि बाग उतरत थेट समुद्रापर्यंत जाते. उतरताना बरं वाटतं, परत सगळा चढ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या भागातूनच फिरावं. व्हेंतिमिलियाला शुक्रवारी मोठा बाजार भरतो आणि दोन्ही देशांतली गर्दी तिथे लोटते, म्हणून शुक्रवार सोडून कुठलाही वार घ्या. इटलीत पार्किंगचे पांढरे पट्टे फुकट, निळे पैशाचे, पिवळे राखीव. जुन्या वस्तीच्या तोंडाशी लाल वर्तुळाची 'झोना अ त्राफिको लिमितातो' अशी पाटी दिसली तर आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी येतो, वर गाडीवाल्या कंपनीचा वेगळा आकार.

वेग: गावात दोन्हीकडे ५०, गावाबाहेर साध्या रस्त्यावर फ्रान्समध्ये ८०, इटलीत ९०. गोल चौकात आधीपासून आत फिरणाऱ्याला वाट द्यायची, तो डावीकडून येतो. इटलीत गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे.

परतीला खरी रांग लागते. फ्रान्सनं नोव्हेंबर २०१५ पासून सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आणि ती इटलीकडून येणाऱ्यांची होते. पोलिस डिकी उघडायला सांगतात, पासपोर्ट मागतात. शेंगेन आहे म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघणं ही नेहमीची चूक. आजी-आजोबांचे, लहान मुलांचे, सगळ्यांचे मूळ पासपोर्ट गाडीत हवेत.

मांतोंनंतर रॉकब्र्यूनपाशी वर चढून ग्रांद कॉर्निश धरा. ला ट्युर्बीला रोमन सम्राट ऑगस्टसचं इसवी सनपूर्व ६ मधलं विजयस्मारक आहे आणि शेजारून अख्खं मोनाको पायाखाली दिसतं. फेब्रुवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पश्चिमेकडे जाताना तो थेट डोळ्यांत येतो, म्हणून साडेचारपर्यंत इथून निघा. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, चिखलदऱ्याच्या घाटात करता तसाच गिअर खाली घ्या.

गाडी देण्याआधी टाकी भरताना एक फसगत टाळा. फ्रेंचमध्ये 'गाझॉल' आणि इटालियनमध्ये 'गाझोलिओ' म्हणजे डिझेल. अमेरिकन 'गॅसोलीन' डोक्यात असलेला माणूस पेट्रोलच्या गाडीत तेच भरतो. टाकीच्या झाकणावर आणि पंपाच्या नळीवर खूण असते: गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. दोन्हीकडची खूण जुळली तरच नळी लावा, आणि भरल्यावर पावती व इंधनाच्या काट्याचा एक फोटो काढून ठेवा.