लाइट गेली तेव्हा टॅन ओला होता

आमच्या भुसावळात पार्लरमध्ये टॅन, म्हणजे उन्हाने रापलेला रंग, हा शब्द फक्त काढण्यासाठीच येतो. एप्रिल-मेमध्ये दिवसाला सात-आठ डी-टॅन तर सहज होतात, स्कार्फ, सनकोट, हातमोजे सगळं घालून स्कूटीवर फिरणाऱ्या पोरीसुद्धा येतात आणि तरी मनगटाला पट्टा उठलेलाच असतो. तर अशा गावात, अशा महिन्यात एका पोरीचा फोन आला की ताई, तुमच्याकडे टॅनचं होतं का. मी सवयीने म्हटलं होतं ना, फुल बॉडी की नुसते हात-पाय? तर म्हणे काढायचा नाही हो, चढवायचाय, रविवारी जळगावला माझं स्टेज आहे.

स्टेज म्हणजे बॉडीबिल्डिंग. तापीपलीकडे यावलच्या बाजूचं गाव, वडलांच्या केळीच्या बागा, आणि ही पोरगी त्यातल्या स्पोर्ट्स फिजिक नावाच्या गटात उतरणार होती. स्टेजवरचे लाइट इतके भगभगीत असतात की उजळ अंगावरचे स्नायूंचे कट दिसतच नाहीत, सगळं सपाट दिसतं, म्हणून हे लोक अंग दोन-चार शेड गडद करून घेतात. तिच्या कोचने बाटली मागवून दिली होती पण लावणारं कोणी नव्हतं. मागच्या वेळी मैत्रिणीने रंगाच्या रोलरने लावून दिलं तर पाठीवर पट्टे पट्टे आले, फोटो पाठवला होता मला, खरंच गेटला रंग मारल्यासारखं.

माझ्याकडे स्प्रेचं मशीन होतं. मुंबईला एअरब्रश मेकअपचा कोर्स केला तेव्हा दोन दिवस स्प्रे टॅनचे पण होते, नंतर अमेरिकेतून लग्नासाठी आलेल्या एका मुलीने हौसेने मागितलं म्हणून मशीन घेतलं, ते एकदा वापरलं आणि मग दोन वर्षं चादरीखाली. घरात सगळे म्हणायचे वीक ते. बरं झालं नाही विकलं.

गुरुवारी पॅच टेस्टला बोलावलं, अंगाला सोसतं का ते बघायला दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावलं. सोबत तिची आई. त्या मावशी खुर्चीत बसून बाटलीकडेच बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "व ताई, लहानपनी हिले हयद-बेसन लावू लावू माह्ये हात दुखले, आन् आता पैशे देऊन कायी करू राह्यले?" मी हसले, पोरगी नाही हसली, तिला हे घरी रोज ऐकावं लागत असणार. मग मावशींनी कामाचं विचारलं, "हा केयीच्या चिकासारखा डाग ऱ्हाते का मंग?" केळीचा चीक कपड्याला लागला की तो कपडा गेलाच समजायचं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. म्हटलं मावशी, हे कातडीपुरतंच आहे. यात डायहायड्रॉक्सीअसिटोन असतं, डीएचए म्हणतात, तो साखरेचाच एक प्रकार. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातल्या प्रोटीनशी त्याची प्रक्रिया होऊन तपकिरी रंग तयार होतो, भाकरी तव्यावर तांबूस होते ना, साधारण त्याच जातीची. तो थर आठवड्याभरात झडतो तसा रंगही जातो. याचा शोधही गमतीत लागला, १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला एव्हा विट्गेनस्टाइन नावाच्या बाई लहान मुलांना हे औषध तोंडाने देऊन आजाराचा अभ्यास करत होत्या, ते अंगावर सांडलं तिथली कातडी तपकिरी झाली आणि कपड्यावर मात्र डाग नाही. म्हणजे आपल्या चिकाच्या बरोबर उलटं. पण हल्लीच्या बाटलीत फवारा कुठे पडला ते दिसावं म्हणून वरचा रंग पण घातलेला असतो, तो कपड्याला लागतो, तेव्हा चादर जुनीच काढा हेही सांगून टाकलं.

आता मेलेल्या थराचं काम म्हटल्यावर जिथे हा थर जाड तिथे रंग जास्त पिणार. कोपर, गुडघा, घोटा, टाच, बोटांची पेरं. आणि या पोरीच्या तळहातांवर डंबेल-बारबेलचे घट्टे, टाचांना भेगा, कारण जिम सोडून उरलेला वेळ बागेत. मला तिचे खांदे बघून काही वाटलं नाही, हात बघून पोटात गोळा आला. दोन दिवस प्यूमिस स्टोन, स्क्रब, वॅक्सिंग गुरुवारीच करून टाकलं, आणि शुक्रवारी येताना तेल नाही, लोशन नाही, डिओ नाही, परफ्यूम नाही. डिओवर टॅन पडला की काखेत हिरवट छटा येते, ते सांगितलं की सगळ्या ऐकतात.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला हात दिला, मस्त झाला. शनिवारी सकाळी तिने नुसत्या गार पाण्याने, साबणाशिवाय अंघोळ केली, वरचा रंग वाहून गेला आणि खाली छान एकसारखा तपकिरी आला होता. दुसरा हात शनिवारी संध्याकाळी.

फवारा मारणं हे यातलं सगळ्यात सोपं काम, दहा-बारा मिनिटं लागतात, हात स्थिर ठेवायचा, एक फुटावरून, वरून खाली. नाकात फिल्टर, डोळे मिटलेले, ओठांवर बाम, श्वास कधी धरायचा ते मी सांगायचं. टॅन चांगला की वाईट ते ठरतं त्यानंतर. मी हाताचे पंजे आणि पावलं नेहमी शेवटाला घेते. तळहात, नखं आणि नखांच्या कडांना आधीच बॅरियर क्रीम, म्हणजे रंग धरू न देणारं क्रीम, चोपडलेलं, पेरांवर आणि कोपरांवर मात्र अगदी नावाला, नाहीतर तिथे पांढरा ठिपका राहतो. मग गनचा फ्लो कमी करायचा आणि तिला म्हणायचं वाघासारखा पंजा कर, बोटं वाकडी आणि फाकलेली, म्हणजे पेरांच्या सुरकुत्या उघडतात. लांबून एकच झुळूक. लगेच ओल्या वाइपने तळहात पुसायचा, बोटांच्या बेचक्या, एकेक नख, आणि तळहाताची कड, जिथे गडद आणि उजळ रंग भेटतात, तिथे कोरड्या जाड ब्रशने गोल गोल फिरवून रेघ मोडायची. मनगटाला पण तसंच. ही रेघ राहिली की बाई हातमोजे घालून आल्यासारखी दिसते. एका हाताला मला सात-आठ मिनिटं लागतात, हेल्परला वाटतं मी उगाच घोळ घालते.

तर हात झाले, पावलांना बसणार इतक्यात लाइट गेली.

संध्याकाळचे साडेसहा, बाहेर ४४ डिग्री, आणि एसी बंद. माझ्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि ट्यूबलाइट चालतात, स्प्रेचं मशीन साडेसहाशे वॅटचं, ते चालत नाही. आमच्या हेल्परने चांगल्या मनाने हॉलमधला कूलर ढकलत आत आणला, त्याची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डात घातली आणि मी पायाशी खाली बसलेली असताना चालू केला. खान्देशातला डब्बा कूलर, चालू झाला की पहिली दोन मिनिटं गवतातून पाणी उडवतोच, ते लहानपणी आपल्याला आवडायचं पण. पोरीच्या उजव्या मांडीच्या मागे आणि पोटरीवर शिंतोडे. मी ओरडले तोवर दोन थेंब खाली ओघळले होते. ओल्या टॅनवर पाणी पडलं की ते रंगाला घेऊनच खाली येतं, मागे उजळ रेघ आणि रेघेच्या शेवटी गडद थेंब.

हेल्पर रडायला लागली. मावशी तिला ओरडायला लागल्या. पोरीला मागचं दिसत नव्हतं, ती नुसती "काय झालं ताई, काय झालं" करत होती, तिने दोन आठवड्यांपासून भाकरी तोंडात घातलेली नव्हती आणि उभी राहून तिचे पाय थरथरत होते. आता अशा वेळी हात शिवशिवतो वाइप घेऊन पुसायला, आणि तेच करायचं नसतं, पुसलं की ठिपक्याचं भगदाड होतं. म्हटलं कोणी हात लावायचा नाही, कूलर बाहेर, पंखा तिकडे फिरव, मावशी तुम्ही वारा घाला. मावशींनी फेशियल किटचं खोकं फाडलं आणि पुठ्ठ्याने वारा घालायला लागल्या, चुलीला घालतात तसा दमदार, म्हटलं हळू मावशी, लांबून. पोरीला स्ट्रॉने दोन घोट पाणी दिलं, ग्लासने दिलं असतं तर हनुवटीवरून छातीवर.

पंधरा मिनिटांनी मांडीला बोटाची मागची बाजू टेकवून पाहिली, चिकट पण ओली नाही. मग मखमली मिटनवर, म्हणजे बिनबोटांच्या हातमोज्यावर, बाटलीतले चार-पाच थेंब, मिटन दुसऱ्या हातावर दाबून अर्धं कोरडं करायचं आणि फक्त टिपायचं, घासायचं नाही. आधी उजळ रेघेच्या आत मेकअपच्या बारीक ब्रशने भरलं, मग कडा मिटनने टिपून विरवल्या. गडद थेंबांवर उलट काम, स्पंज किंचित ओला करून पिळून एकदा टेकवायचा आणि उचलायचा, बस. ट्यूबलाइटला कमी दिसत होतं म्हणून हेल्परने मोबाइलचा टॉर्च धरला, डोळे पुसत पुसत, पण हात हलू दिला नाही तिने. पस्तीस मिनिटं मी गुडघ्यावर होते. मावशी मधेच म्हणाल्या, "गोधडीले ठिगय लावल्यावानी करू राह्यल्या तुमी," आणि ते अगदी बरोबर होतं, फक्त ठिगळ दिसता कामा नये.

पावणेनऊला लाइट आली. दोन्ही पायांवर एक पातळ झुळूक फिरवली, दोन्ही, कारण फक्त उजव्यावर मारली असती तर उजवा पाय कायमचा गडद राहिला असता. मग पावले, टाचांवरचं क्रीम, बोटांच्या बेचक्या, घोट्याची मागची खोबण.

पावडर शेवटाला, आणि पांढरी टाल्कम नाही, तिने गडद अंगावर पिठाचे हात लावल्यासारखं दिसतं. रंग नसलेली फिनिशिंग पावडर, मोठ्या ब्रशवर थोडी, आणि जिथे कातडीला कातडी लागते तिथेच आधी. कोपराचा खळगा, गुडघ्यामागची घडी, काखा, छातीखाली, मांडीचा वरचा भाग. ब्रश ओढायचा नाही, दाबत दाबत जायचं. खान्देशी उन्हाळ्यात ही पायरी वगळली तर घरी पोचेपर्यंत प्रत्येक घडीत घामाची पांढरी रेघ तयार.

घरी जाताना काळा ढगळ गाऊन, आत काही नाही, गाडीच्या सीटवर जुनी चादर. झोपेपर्यंत भांडी नाही, पीठ मळणं नाही, हे मावशींना दोनदा सांगितलं. आणि बाथरूमचा प्रश्न तिने खाली बघत विचारला, त्याला उत्तर असतं, कागदी ग्लासचा बूड कापून नळीसारखा वापरायचा, मांडीवर एक थेंब पडता कामा नये. मी तिला सहा ग्लास कापून दिले. असलं कोर्समध्ये कोणी शिकवत नाही, तिच्या कोचने फोनवर सांगितलं.

रविवारी मी पण गेले जळगावला, टच-अपला कोणीतरी लागतंच. चेहऱ्यावर मी टॅन हलका ठेवला होता, मानेला जुळेल असा फाउंडेशन तिथे लावला. कॉश्च्युमच्या कडेने थोडं टिपलं, आणि अगदी वर जायच्या आधी चमक आणणारं ग्लेझ, तेही थोडं, जास्त झालं की रंग वितळून पायाला येतो. बॅकस्टेजला पोरं एकमेकांना हाताने फासत होती, एकाची बोटं तर जांभळं खाल्ल्यासारखी झाली होती, आणि नेमकी दोन्ही दंड फुगवायच्या डबल बायसेप्स पोजला मूठ जजसमोर येते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पर्समधून वाइप काढले. मग आणखी दोघं आले. पोरगी स्टेजवर गेली तेव्हा मी कोणाच्या तरी करंगळीचं नख पुसत होते, धावत गेले. मागे वळून पोज दिली तिने आणि मी फक्त उजवी पोटरी बघितली. एकसारखी होती. चौथी आली ती, तिला तिसऱ्याची आशा होती, परतीच्या रस्त्यात गाडी थांबवून तिने दोन प्लेट शेवभाजी खाल्ली आणि सीटवर झोपून गेली.

गुरुवारी ती परत आली, मानेवर आणि काखेत टॅन सुटून चट्टे दिसत होते आणि शनिवारी मावसबहिणीची हळद होती. अंगभर बेबी ऑइल लावून अर्धा तास बसवलं, मग कोमट पाणी आणि कापडी मिटनने हलकं घासलं, बरंचसं निघालं. घट्ट्यांवरचा काही गेला नाही. माझ्या टाइल्सच्या फटीतला पण नाही.

त्या बॅकस्टेजवाल्या पोरांपैकी एकाचा आता फोन आलाय, धुळ्याला जायचंय त्याला. टाचा घास, तळहाताचे घट्टे घास, डिओ बंद, सगळं सांगितलं. तो म्हणे ताई, दाढी? म्हटलं आदल्या दिवशी कर, त्याच दिवशी केलीस तर छिद्रांमध्ये रंग बसतो आणि तोंडावर तीळ पेरल्यासारखे ठिपके येतात. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणे, "आन् मिशी?"

मिशी ठेव म्हटलं.