संथ जोडणीवर सत्तरीचे डोंगर

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरच्या व्हाळाचा (ओढ्याचा) उगम नेमका कोणत्या उतारावर आहे, हे पाहण्यासाठी मी डोंगर-दऱ्यांचा उंचसखलपणा दाखवणारा उठावाचा नकाशा ऑनलाइन उघडला. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस सुरू झाला की इंटरनेटचा वेग फार खाली येतो. त्या संध्याकाळी पडद्यावरचे निम्मे चौकोन रंगले आणि उरलेले शेवटपर्यंत करडेच राहिले.

असे नकाशे साधारणतः २५६ पिक्सेल लांबी-रुंदीच्या चौकोनी तुकड्यांत येतात, आणि झूमची एक पायरी जवळ गेले की तेवढ्याच भूभागाला चौपट तुकडे लागतात. १५ मिनिटे (पाव अंश) अक्षांश-रेखांशाच्या एका छापील नकाशा-पत्रकाएवढ्या प्रदेशासाठी चौदाव्या पायरीवर सुमारे १३५, तर पंधराव्या पायरीवर पाचशेहून अधिक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याची मागणी स्वतंत्रपणे जात असल्यामुळे नकाशा सरकवावा तितके थांबणे वाढत जाते. म्हणून माझे मत असे झाले आहे की, संथ जोडणीवर नकाशा ऑनलाइन पाहत बसू नये, तो एकदाच पूर्ण उतरवून घ्यावा.

भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची खुल्या मालिकेतील पत्रके पीडीएफ स्वरूपात मिळतात. जुन्या क्रमांकांनुसार गोव्याचा बहुतेक भाग ४८ ई आणि ४८ आय यांत येतो. फाइल मोठी असल्याने मी ती पहाटे उतरवली, आणि तुटलेले काम जिथे थांबले तिथूनच पुढे नेणारा डाउनलोड मॅनेजर वापरला. या पत्रकांवर समोच्च रेषांमधले, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर २० मीटर असते. डोंगराळ सत्तरीला ते पुरते, पण तिसवाडी तालुक्यातील खाजन जमिनी (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनी), त्यांचे बांध आणि मानशी (पाण्याची दारे) या सगळ्या पहिल्या रेषेच्याही खालीच राहतात, याची मला खंत वाटते.

त्याहून हलका मार्ग उंचीच्या आकड्यांचा आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने घेतलेली उंचीची मोजणी मोफत उपलब्ध आहे. तिच्या सुमारे ९० मीटर अंतराच्या आवृत्तीत एका अंशाच्या चौकोनात १२०१ गुणिले १२०१ बिंदू असतात आणि प्रत्येकाला दोन बाइट लागतात, म्हणजे संपूर्ण फाइल २९ लाख बाइटांच्या आतच राहते. काणकोणचे दक्षिण टोक सोडले तर अशा दोन फाइलींत गोवा मावतो. समोच्च रेषा मग आपल्याच संगणकावर क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रणालीत काढता येतात, आणि त्या वेळी जोडणी नसली तरी अडत नाही. मात्र सत्तरीतल्या म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या दाट रानात रडारला जमिनीऐवजी बरेचदा झाडांच्या माथ्याजवळची उंची मिळते, म्हणून तिथल्या आकड्यांवर मी पूर्ण विसंबत नाही.

पत्रक आणि या रेषा एकमेकांवर ठेवून मी व्हाळाची निळी रेघ वर वर नेली, तेव्हा ती दोन सोंडांमधल्या एका घळीत संपली. पाऊस ओसरला की छापील प्रत घेऊन तिथे चालत जायचे ठरवले आहे.