नाना चोपडा, आप्पा यावल

खान्देशात आडनावावरून माणूस सापडत नाही. पाटील, चौधरी, महाजन, कोळी म्हटलं की निम्मं गाव संपलं. म्हणून नात्याला गाव जोडायचं आणि नाव करायचं: नाना चोपडा, आप्पा यावल, तात्या पारोळा. ई-मेलच्या अ‍ॅड्रेस बुकातही ही मंडळी टोपणनावाच्या रकान्यातच नांदतात. पत्र लिहायला घेतलं आणि ‘नाना’ टाइप केलं, की यादीत पाच नाना असले तरी थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्राम चोपड्याच्या नानांना वर आणतो. कोणाला किती पत्रं गेली याचा आकडा तो प्रत्येक कार्डामागे गुपचूप लिहून ठेवत असतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली आणि बऱ्याच घरांत तिच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आली, कुठे तिचा मिंट हा अवतार, कुठे उबुंटू. सामान हलवताना फोटो आठवतात, पत्रिकेचे नमुने आठवतात, सातबाऱ्याच्या पीडीएफ आठवतात. अ‍ॅड्रेस बुक आठवतं ते नव्या मशिनवर पहिलं पत्र लिहिताना. आणि तेव्हा जो तो हात घालतो तो सीएसव्हीला, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलीला, कारण ती एक्सेलमध्ये उघडते.

तिथेच घोळ होतो. थंडरबर्डच्या एक्स्पोर्टमध्ये सीएसव्ही दोन प्रकारची असते. एक ‘सिस्टिम’च्या लिपीतली, म्हणजे त्या मशिनच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीतली, दुसरी सगळ्या लिप्या सामावणारी यूटीएफ-८. पहिली निवडली तर इंग्रजी विंडोजवर देवनागरी नावांची नुसती प्रश्नचिन्हं होतात, आणि प्रश्नचिन्हांमधून पाटील परत काढता येत नाही. यूटीएफ-८ निवडली तरी फाइल माउसच्या दोन टिचक्यांनी एक्सेलात उघडू नये. जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२, नंदुरबारचा ०२५६४. एक्सेलला हे सगळे साधे आकडे वाटतात, मग पुढचं शून्य तो बिनकामाचं समजून उडवतो. ९१ लावलेला मोबाईल नंबर तर ‘९.१९ई+११’ असा दिसू लागतो, आणि तसाच सेव्ह झाला की मागचे आकडे कायमचे गेले. लिब्रेऑफिसचं बरं आहे, ते उघडण्याआधी विचारतं. तिथे लिपी यूटीएफ-८ ठेवावी, फोनच्या रकान्यावर क्लिक करून प्रकार ‘टेक्स्ट’ करावा, मगच पुढे जावं.

एवढं सांभाळलं तरी सीएसव्हीतून गट येत नाहीत. ‘भाऊबंद’, ‘दहावी ब’, ‘रावेर केळी’ असे जे गट वर्षानुवर्षं जमवले, त्यांतली माणसं येतात, गट विरतो. पत्रांच्या मोजणीलाही सीएसव्हीत रकाना नाही, म्हणजे नव्या मशिनवर सगळे नाना पुन्हा एका रांगेत. पत्ता हरवत नाही, माणसाशी असलेली वहिवाट हरवते, आणि ती पुन्हा टाइप करून मिळत नाही.

गट हवे असतील तर एक्स्पोर्टमधलाच दुसरा प्रकार, एलडीआयएफ. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघण्यासारखी असते. इंग्रजी नावं सरळ वाचता येतात, पण देवनागरी नाव आलं की दोन विसर्गासारखे दोन कोलन आणि पुढे अक्षरांची खिचडी. फाइल बिघडली असं वाटून लोक ती पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते, बेस-६४ नावाच्या, सगळं साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत मांडणाऱ्या पेहरावात असते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं आणि तीन बाइटांची बेस-६४मध्ये नेमकी चार चिन्हं होतात. म्हणून ‘४केएस’ नाहीतर ‘४केडब्ल्यू’ पुन्हा पुन्हा दिसतं. अक्षराची ओळख फक्त चौथ्या चिन्हात: प म्हणजे ‘४केएसक्यू’. मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे ‘पाटील’ पाच तुकड्यांचा, वीस चिन्हांचा. चार-सहा नावं पाहिली की डोळ्यांना सवय होते आणि फाइल शाबूत आहे हे न उलगडताही कळतं.

पण एलडीआयएफला ई-मेलचे दोनच रकाने, सीएसव्हीसारखे. तिसरा पत्ता असलेल्यांसाठी वीकार्ड हा तिसरा प्रकार. दोन्ही फाइली काढाव्यात, मात्र दोन्ही एकाच पुस्तकात ओतू नयेत. प्रत्येक आप्पा दोनदा येतो आणि मग एकेक निवडून पुसत बसा भो.

खरं तर जुन्या मशिनवरही थंडरबर्डच असेल, तर या सगळ्यात पडायचं कारण नाही, अख्खं प्रोफाइल, म्हणजे थंडरबर्ड आपलं सगळं ठेवतो ते फोल्डर, उचलावं. आधी थंडरबर्ड पूर्ण बंद करावा. तो चालू असताना ताजे बदल शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत पडून असू शकतात आणि नक्कल अर्धवट होते. घरची वही ‘एबुक.एसक्यूलाइट’ आणि आपोआप गोळा झालेले पत्ते ‘हिस्टरी.एसक्यूलाइट’ या दोन फाइली एकट्या नेल्या तरी ओळखल्या जातात. ‘एबुक-१’, ‘एबुक-२’ मात्र दिसत नाहीत, कारण त्यांची नोंद ‘प्रेफ्स.जेएस’ या सेटिंगच्या फाइलीत असते. २०२० पूर्वीचा थंडरबर्ड असेल तर फाइलींच्या शेपटीला ‘मॅब’ असतं. तीही इम्पोर्ट होते.

लिनक्सवर प्रोफाइलचं घर कुठलं, यात बरेच जण फसतात. मिंटवर ते होम फोल्डरात, नावाआधी टिंब असलेल्या ‘.थंडरबर्ड’मध्ये. टिंबवालं फोल्डर लपलेलं असतं, कंट्रोल-एच दाबलं की दिसतं. उबुंटू २४.०४वर थंडरबर्ड स्नॅप या उबुंटूच्या पॅकेजमधून येतो, म्हणून ‘स्नॅप’, त्यात ‘थंडरबर्ड’, त्यात ‘कॉमन’, आणि त्याच्या आत ते टिंबवालं फोल्डर. जुन्या सवयीने होममध्ये टाकलं तर प्रोग्राम तिकडे ढुंकूनही पाहत नाही. सुडो, म्हणजे मुख्य अधिकार मागणारी आज्ञा, लावून नक्कल केली असेल तर फाइलींचा मालक आपण नाही, रूट हा मुख्य वापरकर्ता होतो. मग पुस्तक धड उघडत नाही नाहीतर नवा पत्ता टिकत नाही. उपाय एका ओळीचा, चाउन ही मालक बदलणारी आज्ञा. आणि लिनक्सवरचा थंडरबर्ड विंडोजवरच्यापेक्षा जुना निघाला तर तो नवं प्रोफाइल उघडायला साफ नकार देतो. त्याच्याशी हुज्जत न घालता आधी अपडेट करावा.

हलवाहलवीत साफसफाई आपसूक होते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव मिळालं, तेव्हा जुन्या नावाचं कार्ड आणि नव्या नावाचं कार्ड शेजारी शेजारी असतात. ती एक करावीत. बंद पडलेल्या डायल-अपच्या काळातले संचारनेटचे पत्ते खुशाल पुसावेत.

अडतं ते गेलेल्या माणसांपाशी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरणाऱ्या मुलखात आप्पांच्या कार्डावर डिलीट दाबायला बोट धजत नाही, आणि ठेवलं तर ‘आप्पा’ टाइप करताना दर वेळी तेच पुढे येतात. यासाठी वीकार्ड चांगलं. अशी कार्डं एका वेगळ्या पुस्तकात हलवावीत, त्या पुस्तकाची वीकार्ड फाइल काढावी, ती उघडून तपासावी आणि मगच पुस्तक पुसावं. फाइल साध्या मजकुराची असते, कुठल्याही एडिटरात उघडते. फोटो नसेल तर एका माणसाचं कार्ड एक केबीसुद्धा भरत नाही.