ड्रिलचं झबलं

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, हिरव्या कापडाची एक लांब बाही घडी करून ठेवलेली आहे. एका टोकाला लहान गोल भोक, त्यात ओवलेली नाडी. दुसरं टोक मोकळं. गावातल्याच शिंप्याने शिवलेली. आम्ही तिला ड्रिलचं झबलं म्हणायचो. गेली कितीतरी वर्षं ती पेशंटवर वापरलेली नाही, तरी कपाट आवरताना कुणी ती टाकायला काढली की मी परत आत ठेवते.

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. शिक्षण मिरजेत झालं आणि पुढची बावीस वर्षं कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी गेली, दोन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत. ही गोष्ट पहिल्या हॉस्पिटलातली. कारखाने सुरू झाले की आमच्याकडे मोडलेली हाडं यायची. उसाची ट्रॉली उलटली, बैलगाडीचं चाक पायावरून गेलं, अंधारात दिवा नसलेल्या ट्रॅक्टरवर मोटारसायकल आदळली. मोडलेल्या हाडावर प्लेट बसवायची तर स्क्रूसाठी भोकं पाडावी लागतात आणि भोकं पाडायला ड्रिल लागतं.

ऑपरेशनसाठी बनवलेलं ड्रिल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या भांड्यात, घालता येतं. १२१ अंश सेल्सियसची वाफ, चौरस इंचाला १५ पौंड दाब, एवढं सोसून ते बाहेर येतं आणि पुन्हा चालतं. पण त्याची किंमत छोट्या हॉस्पिटलला झेपत नाही. म्हणून आमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानातलं, बॅटरीवर चालणारं पिवळं ड्रिल होतं. ते वाफेत घातलं तर प्लास्टिक वितळेल, मोटर जाईल. मग करायचं काय, तर ड्रिलला निर्जंतुक झबलं घालायचं, भोकातून फक्त पुढचा भाग बाहेर काढायचा, त्यावर ऑटोक्लेव्ह केलेला चक, म्हणजे भोक पाडायची सळई पकडणारा भाग, बसवायचा आणि नाडी गच्च आवळायची. हाडाला लागणारा प्रत्येक भाग निर्जंतुक, हातात धरायचा भाग कापडाच्या आत. आम्ही आडमार्गाने काही करत होतो असं नाही. ज्याच्याकडे जे आहे त्यात पेशंटचा पाय वाचवायची धडपड होती आणि कितीतरी पाय त्या ड्रिलने उभे राहिले, हेही मी तितक्याच खात्रीने सांगते.

पण त्या रात्रीबद्दलही सांगायलाच हवं.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेला माणूस. गुडघ्याखालचं हाड मोडलेलं. रात्री साडेदहाला केस सुरू झाली, मी स्क्रबला होते, म्हणजे निर्जंतुक कपडे-हातमोजे घालून सर्जनच्या हातात हत्यारं द्यायला. ड्रिल चालताना हाड तापतं आणि तापलेलं हाड मरतं, म्हणून वरून सतत सलाईनची धार सोडावी लागते. ती धार हाडावर पडते, जखमेतून वाहते, सर्जनच्या हातमोज्यावरून उलटी कापडावर येते. चार स्क्रू झाले. पाचव्याला सरांनी ड्रिल उचललं आणि मला दिसलं की खटक्याजवळचं कापड गडद झालंय, आणि त्या ओल्या हिरव्या कापडातून आतला पिवळा रंग दिसतोय.

पिवळा रंग दिसतोय म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी. कोरडं कापड जंतूंना अडवतं, ओलं कापड अडवत नाही. पाणी धाग्याधाग्यातून जातं आणि स्वतःबरोबर आतलं बाहेर, बाहेरचं आत नेतं. ज्या ड्रिलवर फक्त स्पिरिटचा बोळा फिरवलेला होता, ते आता ओल्या कापडामार्फत सरांच्या हातमोज्याला लागत होतं आणि तोच हातमोजा जखमेत जात होता. दोन स्क्रू उरले होते. सर दमलेले, भूलतज्ज्ञ घड्याळ बघत होते. मी बोलले नाही.

चौथ्या आठवड्यात तो माणूस परत आला. टाक्यांच्या खालच्या बाजूने पू येत होता. नंतर जखम उघडून धुतली, अँटिबायोटिक झाली, शेवटी हाड जुळल्यावर प्लेट काढावी लागली. त्याचा अख्खा हंगाम गेला. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर राहिली. त्याची बायको ड्रेसिंग रूमच्या बाहेर पायरीवर बसलेली असायची. एकदा तिने मला धरून विचारलं, "ताई, आमच्या हातून काही चुकलं का वो? पाय भिजू न्हाई दिला म्या."

पू त्या झबल्यामुळेच झाला असं मी आजही म्हणू शकत नाही. रस्त्यावर मोडलेल्या हाडाला, चिखलाने माखलेल्या जखमेला शंभर कारणं असतात. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर होतं आणि ते मी दिलं नाही. त्याच संध्याकाळी सरांना मात्र सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सिस्टर, पुढच्या वेळी ड्रिल चालू असलं तरी थांबवा मला. ओरडून थांबवा."

त्यानंतर आम्ही झबल्याच्या आत निर्जंतुक प्लास्टिकची बाही घालायला लागलो आणि बाहेरचं कापड ओलं झालं की केस थांबवून बदलायचंच, असं ठरलं. ड्रेसिंग ट्रॉलीवर एक जादा झबलं तयार असायचं. पुढे वाचनात आलं की कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी आणि युगांडातल्या सर्जन लोकांनी मिळून हाच प्रश्न सोडवायला घेतला होता. दुकानातलं ड्रिल, त्यावर पाणी न झिरपणाऱ्या, पुन्हा पुन्हा ऑटोक्लेव्ह करता येणाऱ्या कापडाचं कव्हर, आणि पुढे स्टीलचा चक कव्हरला घट्ट जोडलेला. ते वाचून मला फार बरं वाटलं. आमची कल्पना चुकीची नव्हती. कापड चुकीचं होतं, आणि चकजवळची ती नाडी.

आता मी जिथे आहे तिथे ऑपरेशनचं खरं ड्रिल आहे. त्यालाही एक नाजूक जागा आहेच. ड्रिल निर्जंतुक, पण बॅटरी वाफेत जात नाही. म्हणून हँडलच्या तोंडाशी निर्जंतुक नरसाळं लावायचं, निर्जंतुक कपड्यांत नसलेल्या, बाहेरच्या सिस्टरने कुठेही हात न लावता त्यातून बॅटरी आत सोडायची, नरसाळं काढून तिनेच बाजूला करायचं आणि मग स्क्रब सिस्टरने झाकण बंद करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. नवीन मुलींकडून मी ते रिकाम्या टेबलावर वीस वेळा करून घेते.

ते जुनं झबलं मी शिकवायलाच ठेवलंय. नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला आल्या की एकीला पांढरे हातमोजे घालायला लावते. झबल्यात निळीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला स्पंजचा तुकडा ठेवते आणि तिला बाहेरून मुठीत धरायला सांगते. झबलं कोरडं असताना आधी काही होत नाही. मग वरून थोडं सलाईन सोडते. पाठ्यपुस्तकाचं पान वाचून जे डोक्यात जात नाही ते मुठीत उतरलेल्या निळ्या रंगाने जातं. मुली गप्प होतात. एकीने विचारलं होतं, "सिस्टर, निळ दिसते, पण जंतू कसे दिसणार?" नाही दिसणार. म्हणून तर ओल दिसली की थांबायचं.

लॅप्रोस्कोपीच्या, म्हणजे पोटात दुर्बीण घालून करायच्या ऑपरेशनच्या, कॅमेऱ्याची बाही हा आणखी वेगळा प्रकार. दुर्बीण निर्जंतुक असते; तिच्या मागे लागणारा कॅमेरा आणि त्याची लांब वायर आमच्याकडे वाफेत घालता येत नाही. म्हणून प्लास्टिकची अडीच मीटरची बाही, मोज्यासारखी गोळा केलेली. स्क्रब सिस्टरने दोन्ही हात बाहीच्या दुमडीखाली लपवून तोंड उघडं धरायचं. बाहेरची सिस्टर कॅमेरा आत सोडते. आतल्या सिस्टरने तो प्लास्टिकमधूनच पकडायचा, आणि मग बाहेरचीने फक्त टोकाची पट्टी धरून बाही वायरवर मागे मागे ओढत न्यायची. चूक हमखास होते ती इथेच. घाईत पट्टीऐवजी बाहीच धरली जाते, किंवा स्क्रब सिस्टर मदत करायला म्हणून हात लांब करते आणि तो उघड्या वायरला लागतो. दोघींपैकी जिला दिसलं तिने तिथेच बोलायचं. हातमोजे बदलायला मिनिटसुद्धा लागत नाही.

कॅमेऱ्याच्या बाहीचा विषय निघाला की मला दुर्बिणीच्या जखमांमधला तो चिवट संसर्ग आठवतो. बेंबीजवळची एवढीशी जखम, टाके काढल्यावर सुकलेली. आणि तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ येते, फुटते, पाण्यासारखा पू वाहतो, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी काही जंतू नळाच्या पाण्यात असतात, ते याचं कारण. औषधात बुडवलेली हत्यारं नंतर साध्या पाण्यात विसळली, किंवा सुटे भाग न उघडता तशीच बुडवली, की ते हत्यारावर बसून आत जातात. बाही कितीही चांगली घातली तरी त्यावर तिचा इलाज नाही, कारण हत्यार बाहीच्या बाहेर आहे. बाहेरचं हत्यार धुणं, उघडणं, घासणं, वाफेत घालणं हे वेगळं काम आहे आणि ते तितकंच करावं लागतं. गेली काही वर्षं आम्ही सगळी हत्यारं ऑटोक्लेव्हच करतो. यादीत केस कमी घ्याव्या लागल्या तरी चालतील, असं आमच्या मॅडमनी ठामपणे सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा अभिमान वाटतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी सोनोग्राफीच्या खोलीतही असते. अंगावाटे करायच्या सोनोग्राफीच्या प्रोबवर, म्हणजे आत घालायच्या दांड्यावर, आम्ही निरोध चढवतो. आत जेल, बाहेर जेल, मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पडद्यावर काळी पट्टी दिसते. खेड्यातून आलेल्या बाया ते पाकीट बघून आक्रसतात. मी पाकीट त्यांच्यासमोरच फोडते आणि सांगते, "ताई, हे यंत्राचं कव्हर आहे, तुमच्यासाठी नवं काढलंय, झालं की फेकणार." एवढ्याने त्यांचे खांदे सैल पडतात. रबराची ॲलर्जी आहे का हे मात्र आधी विचारते, फुगा फुगवताना किंवा हातमोज्याने कधी खाज सुटली होती का, असं. तसं असेल तर रबर नसलेलं कव्हर.

निरोध म्हणजे गरिबाघरची युक्ती, असं मलाही वाटायचं. पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००८ सालच्या मार्गदर्शिकेत एक आकडा वाचला आणि मी दचकले. स्त्रीबीज काढण्यासाठी वापरलेली, कंपन्यांनी खास प्रोबसाठी बनवलेली कव्हरं नंतर तपासली, तर एका कंपनीची ७५ टक्के आणि दुसरीची ८१ टक्के फाटलेली निघाली. इतर अभ्यासांत निरोध फाटण्याचं प्रमाण ०.९ आणि २ टक्के होतं. महाग ते चांगलं असं नाही, हे एक झालं. पण मला त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटलं: दोन टक्के म्हणजे शंभरात दोन बाया. आणि कव्हर फाटलेलं डोळ्याला दिसतंच असं नाही. म्हणून कव्हर काढल्यावर प्रोब पुसून, धुऊन, ठरलेल्या औषधात ठरलेली मिनिटं ठेवावाच लागतो, प्रत्येक पेशंटनंतर. बाहेर बायांची रांग असते, डॉक्टर घाईत असतात, तेव्हा "कव्हर होतं ना" हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. मी घड्याळ लावते. घड्याळ वाजल्याशिवाय प्रोब देत नाही.

सगळं लक्ष कव्हर घालण्याकडे असतं. काढताना कुणाचं लक्ष नसतं. केस संपली, सगळे सुटले, मावशी लादी पुसायला आत येतात आणि कॅमेऱ्याची रक्ताळलेली बाही घाईने ओढली जाते. बाहेरची बाजू कॅमेऱ्यालाच घासून जाते. बाही उलटी करत, बाहेरची बाजू आत घेत काढायची, लाल पिशवीत टाकायची, हातमोजे बदलायचे आणि मग कॅमेरा पुसायला घ्यायचा.

गेल्या महिन्यात पित्ताशयाच्या केसनंतर मी अशीच बाही काढली. काढल्यावर आत पाणी भरून बघितलं, कुठे गळत नव्हती, अखंड होती. कॅमेरा उजेडात धरला तर बटणाच्या कडेला रक्ताचा वाळलेला, तपकिरी ठिपका. मोहरीएवढासुद्धा नसेल. बाही अखंड, म्हणजे तो या पेशंटचा नव्हता. आधीच्या कुठल्यातरी केसचा होता आणि त्यानंतर त्याच्यावर प्रत्येक वेळी नवी कोरी बाही चढत आली होती. मी मावशींना हाक मारली, मऊ ब्रश मागवला, कॅमेरा साफ केला आणि रजिस्टर काढून बसले. मागच्या दहा दिवसांत सात केस झाल्या होत्या. सातही जणांना आम्ही फोन केले.