टोकाचे प्यादे

आज गुहागरला पाऊस कोसळत असल्यामुळे ओटीवरच बुद्धिबळाचा पट मांडला, आणि मी राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकताच पुतण्याने उत्तरादाखल वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकवले. मी हसलो, ते हसणे घाईचे होते. १९८० मध्ये स्वीडनमधील स्कारा येथे इंग्लंडचे ग्रँडमास्टर टोनी माइल्स यांनी हीच ए६ खेळी (ए६ हे त्या प्याद्याच्या नव्या घराचे नाव) करून तत्कालीन जगज्जेते अनातोली कार्पोव्ह यांना हरवले होते. पटाचा मध्य पांढऱ्याला जवळजवळ फुकट मिळतो हे खरेच. परंतु पुढे काळ्याने शेजारचे प्यादे बी५ वर नेले आणि त्याचा उंट बी७ वर बसला की उंटाचा रोख थेट ई४ वरील, म्हणजे माझ्या राजापुढच्या, प्याद्यावर राहतो, आणि ते राखण्यातच माझ्या चाली खर्ची पडल्या. तरीही मला पांढरी बाजूच किंचित सरस वाटते. डाव मी हरलो, तो घोडा फुकट घालवल्यामुळे. त्याचे श्रेय ए६ ला नाही.