कशियशच्या पुढचं स्थानक

मी गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. आमच्या गोळ्या युरोपात जातात. भारतात तयार झालेल्या औषधाची प्रत्येक बॅच तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासली जाते, आणि ‘क्वालिफाइड पर्सन’ म्हणून नेमलेल्या व्यक्तीची सही झाल्याशिवाय ती बाजारात जात नाही. पावसाळा संपता संपता आमच्या एका गोळीचे आकडे जुळेनासे झाले. वेर्ण्यात ती वेळेत विरघळत होती, आणि लिस्बनजवळच्या प्रयोगशाळेत दर खेपेला वेगळाच आकडा येत होता. मेल पाठवून पाठवून निकाल लागेना, तेव्हा साहेबांनी मलाच तिकडे पाठवलं.

हॉटेल लिस्बन शहरात होतं आणि प्रयोगशाळा ओएराशला. रोज सकाळी काइश दु सोद्रे स्थानकावरून लोकल पकडायची. रूळ तेजू नदीच्या काठाने जातात. नदी एवढी रुंद, की आपली मांडवी आणि जुवारी दोन्ही शेजारी शेजारी वाहिल्या तरी काठ उरेल. पहिल्या सकाळी मी खिडकीतून नदीच बघत होते. बेलें गेलं, आल्जेश गेलं, आणि मग स्थानकावरची पाटी दिसली: कशियश. हे नाव कुठेतरी ऐकलंय एवढंच डोक्यात आलं, आणि गाडी सुटली.

संध्याकाळी घरी फोन केला. लिस्बनमध्ये सात वाजले होते, म्हणजे फोंड्यात साडेअकरा. बाबा जागेच होते. गोवामुक्तीच्या वेळी ते अकरा वर्षांचे होते, प्रिमेर ग्राव, म्हणजे सुरुवातीचं शालेय शिक्षण, पोर्तुगीजमधून झालेले. मी गाडीचा मार्ग सांगत होते, आणि कशियश म्हटल्याबरोबर त्यांनी मला थांबवलं.

“अगं, मोहन रानडे तिथे होते!”

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मोहन रानडे सांगलीकडचे. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आले, आझाद गोमंतक दलात सामील झाले, आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गंभीर जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. आधी गोव्यातच ठेवलं, मग लिस्बनजवळच्या कशियशच्या किल्ल्यात हलवलं. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, पण ज्यांनी त्यासाठी बंदूक उचलली ते रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. मुक्तीनंतर सात वर्षं ते परक्या देशाच्या तुरुंगात होते. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभारून किती खटपट केली, हे बाबांच्या पिढीला तोंडपाठ आहे. माझ्या पिढीला हे सगळं एका पाटीवरून आठवावं लागतं, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्थानकावर गाडी थांबली की मी डोंगराच्या बाजूला बघायची. नदीकडे पाठ करून बसणारी डब्यात मी एकटीच असायची.

कामाचं थोडक्यात सांगते. विरघळण्याच्या चाचणीत ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या ९०० मिलिलिटर द्रावणात गोळी सोडतात, पॅडल फिरत राहतं, आणि ठरलेल्या मिनिटांना नमुना काढतात. द्रावणात हवा शिल्लक राहिली की तिचे बारीक बुडबुडे गोळीला चिकटतात आणि आकडा भरकटतो. म्हणून द्रावण आधी गरम करून, पंपाने हवा ओढून गाळून घ्यायचं असतं. ती पायरी तिथे घाईत उरकली जात होती. ती नीट केली, आणि तीन दिवसांच्या चाचण्यांत दोन्हीकडचे आकडे बरोबर जुळले. त्या वेळचा आनंद प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाच कळेल.

या सगळ्यात माझ्यासोबत होत्या त्या तिथल्या क्वालिफाइड पर्सन. निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या, प्रत्येक पान दोनदा वाचणाऱ्या. शुक्रवारी दुपारी अहवालावर सह्या चालल्या होत्या. गोव्यात नक्की कुठे राहतेस, असं त्यांनी सहज विचारलं. परदेशात मी नेहमी ‘पणजीजवळ’ असं सांगते. त्या दिवशी का कोण जाणे, सरळ फोंडा म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“माझे वडील फोंड्याच्या छावणीत होते,” त्या म्हणाल्या.

१९६१ साली त्यांचे वडील एकवीस वर्षांचे होते, सक्तीच्या लष्करी सेवेत भरती करून गोव्यात पाठवलेले. भारतीय फौजा आल्या तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता, की शरणागती नाही, सैनिक एकतर जिंकलेले नाहीतर मेलेले दिसले पाहिजेत. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी तो मानला नाही. त्यांनी शरणागती पत्करली, हजारोंचे प्राण वाचले, आणि त्याबद्दल त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकलं गेलं. शरण आलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक जवळपास पाच महिने गोव्यात युद्धकैदी होते, त्यातले पुष्कळ आमच्या फोंड्यात. सालाझारला त्यांना परत न्यायची घाई नव्हती. शेवटी १९६२ च्या मे महिन्यात कराचीमार्गे बोटींनी ते लिस्बनला पोचले, तर धक्क्यावर लष्करी पोलीस बंदुका घेऊन उभे. लढून मेले नाहीत, म्हणून ते गुन्हेगार ठरले होते.

“आजी धक्क्यावर गेली होती. तिला त्यांना हातही लावू दिला नाही,” बाई म्हणाल्या. “वडील फोंड्याबद्दल वाईट कधी बोलले नाहीत. लिस्बनच्या त्या धक्क्याबद्दल मात्र मरेपर्यंत बोलत राहिले.”

मी त्यांना कशियशबद्दल सांगितलं. रानड्यांचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. पण कशियश म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. सालाझारच्या राजवटीला विरोध करणाऱ्या त्यांच्याच देशातल्या माणसांचाही तोच तुरुंग होता. २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट उलथली, त्यानंतर तिथले राजकीय कैदी सोडले गेले. ‘उद्या मी तुला लिस्बन दाखवते,’ त्या म्हणाल्या. कामापलीकडचं त्यांचं ते पहिलं वाक्य.

शनिवारी सकाळी आधी बेलेंला गेलो. प्रवासी जे बघायला येतात ते सगळं तिथेच आहे. जेरोनिमुशचा मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला. आशिया-आफ्रिकेच्या व्यापारावर, मिरी-मसाल्यांवर लावलेल्या पाच टक्के कराचा पैसा त्यात ओतला. आत वास्को द गामाची कबर. दगडावरचं कोरीवकाम खरोखर अप्रतिम आहे, आणि ते कुणाच्या मिऱ्यांवर उभं राहिलं हे माहीत असूनही मी ते बराच वेळ बघितलं. कारागिराच्या हाताला दाद द्यायलाच हवी. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात उंच खांबावर अफोन्सो द आल्बुकेर्क उभा आहे, १५१० मध्ये गोवा जिंकणारा. त्याच्यासमोर उभं राहून गोव्याच्या माणसाला काय वाटतं, असं बाईंनी विचारलं. खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटलं नाही. साडेचारशे वर्षांचा हिशेब एका पुतळ्यापुढे उभं राहून मांडता येत नाही.

नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक मात्र मला खटकलं. जहाजाच्या आकाराचं, त्यावर राजे, खलाशी, धर्मोपदेशक रांगेने उभे. त्यात सेंट फ्रान्सिस झेवियरही आहेत, ज्यांचं शव ओल्ड गोव्याला बॉम जेझुसमध्ये आहे. आज दिसतं ते काँक्रीटचं स्मारक १९६० सालचं. आफ्रिकेतल्या वसाहती धुमसत होत्या, कशियश भरलेलं होतं, आणि सरकार हे उभं करत होतं. पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला.

खरी बघायची जागा आल्जूब आहे. लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येक गोवेकराने बेलेंमध्ये एक तास कमी करून इथे यावं, असं मला मनापासून वाटतं. जुन्या शहरात, ‘से’ नावाच्या मोठ्या चर्चला लागून ही इमारत आहे. सालाझारच्या काळात १९६५ पर्यंत इथे राजकीय कैदी ठेवत. २०१५ पासून इथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे. एकांतवासाच्या कोठड्या, जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढ्या, एका ओळीत दाखवल्या आहेत. मी एका कोठडीत उभी राहिले आणि लगेच बाहेर आले. भिंतींवर गुप्त पोलिसांच्या कामाच्या पद्धती, कैद्यांचे फोटो. वसाहतींच्या लढ्यांनाही इथे जागा आहे. पुढे अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले आगोश्तिन्यू नेतू इथे कैदेत होते. मारियू सोआरिशही होते. हेच सोआरिश परराष्ट्रमंत्री म्हणून ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत आले आणि गोवा भारताचा आहे हे मान्य करणाऱ्या करारावर त्यांनी सही केली. भारताकडून सही करणारे होते यशवंतराव चव्हाण. एका टोकाला आल्जूबचा कैदी, दुसऱ्या टोकाला बेचाळीसच्या चळवळीतला भूमिगत. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या चव्हाणांबद्दल बराच वेळ विचारत राहिल्या.

बाहेर येऊन कॉफी घेताना विमानतळाचा विषय निघाला. लिस्बनच्या विमानतळाला २०१६ पासून उंबेर्तू देल्गादू यांचं नाव आहे. या जनरलने १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध उभं राहण्याचं धाडस केलं, आणि १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत गुप्त पोलिसांनी त्यांना ठार मारलं. गोळी कुणी झाडली, हे बाई सांगू लागल्या: काझिमिरो मोंतेरो.

मी कप तसाच धरून बसले. हे नाव मला पुस्तकातून माहीत नाही, घरातून माहीत आहे. गोव्यात स्वातंत्र्यसैनिकांना बडवणारा, ज्याच्या नुसत्या नावाने माणसं घराची दारं लावून घेत, तो हाच मोंतेरो. आमच्या आजीच्या तोंडी शिवीसारखं असायचं ते नाव. मी तिथूनच बाबांना फोन लावला. ते काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, “त्यांच्याही माणसाला त्यानेच मारलं?” आणि बाईंना फोन द्यायला सांगितला. साठ वर्षांत न वापरलेल्या पोर्तुगीजमध्ये ते अडखळत बोलत होते. बाई हळूहळू उत्तरं देत होत्या, मधेच डोळे पुसत होत्या. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला पूर्ण सांगितलेलं नाही. एवढंच कळलं, की बाबा लहानपणी मित्रांबरोबर छावणीच्या कुंपणाजवळ जायचे, पाखल्यांना, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीजांना, फुटबॉल खेळताना बघायला, आणि कुंपणाबाहेर आलेला चेंडू परत टाकायला.

परतताना आम्ही कशियशला उतरलो. किल्ल्याचा परिसर टेकडीवर आहे आणि तुरुंग अजूनही चालू आहे, त्यामुळे आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावरून जेवढी भिंत दिसते तेवढी बघितली. बाईंनी विचारलं, रानडे इथे असताना त्यांना मराठीत बोलायला कुणी होतं का? मला उत्तर देता आलं नाही.

वेर्ण्यात परतल्यावर अहवाल मंजूर झाला, बॅच सुटली. येत्या जानेवारीत बाई आमच्या कारखान्याच्या तपासणीला येणार आहेत. वडिलांनी फोंड्याहून पाठवलेली पत्रं त्या सोबत आणणार आहेत. तपासणीची कागदपत्रं मी तयार करतेय आणि बाबा त्यांची यादी. छावणीची जागा पाहिलेली जुनी माणसं, कुणाच्या घरी चहा, कुणाच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जेवण. यादीत सध्या नऊ नावं आहेत. त्यातल्या एका आजोबांनी निरोप धाडलाय, की छावणीतल्या एका पाखल्याने त्यांना दिलेलं लष्करी बटण अजून त्यांच्या पेटीत आहे, तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे आणा.